हवा कमी

बुसानच्या व्यापाऱ्यानं कापसात गुंडाळून पाठवला
तळहाताएवढा तुकडा, जुन्या भांड्याचा.
सोबत चिठ्ठी: हाच रंग, चारशे टॉवेल.

अक्कलकोट रोडच्या डाइंगमध्ये
इराबत्ती मामांनी तो दारातल्या उजेडात धरला.
चाळीस वर्षं रंगात हात,
नखांत अजून परवाचा मरून.
म्हणाले, हिरवा नाही हा.
मग म्हणाले, निळाही नाही.
मग तेलुगूत काहीतरी, स्वतःशीच.

कोवळ्या शेंगेच्या आतल्या सालीचा?
सिद्धेश्वर तळ्याचा, पहाटे,
ऊन पाण्यावर उतरायच्या आधीचा?
चिमूट पिवळा, थेंब निळा,
राखाडी नुसती दाखवायची आणि काढून घ्यायची.
नऊ लच्छ्या दोरीवर वाळल्या.
नऊही खोटं बोलल्या.

तुकड्यावर करकोचा होता, एका पायाचा;
दुसरा पाय कोरियातच राहिला.
मामांनी डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला.
उंचवटा नाही. खळगा नाही.
ओल्या मातीत कोरून, पांढरी माती भरून,
वरचं सगळं खरवडून टाकलेलं.
"आपल्या चादरीतला मोर बघ," मला म्हणाले,
"छापलेला नसतो. आत असतो."

मी फोन लावला. व्यापाऱ्याची मुलगी
मोडक्या हिंदीत सांगत राहिली:
रंग कुणी लावलाच नाही त्याला.
मातीत थोडं लोखंड, झिलईत थोडं लोखंड.
भट्टी तापली की तोंड लिंपायचं.
आग गुदमरते,
आणि श्वासासाठी मातीच्याच छातीत हात घालते.
तेव्हा हा रंग येतो.
आला तर.
शंभरात दहा भांडी साधायची,
उरलेली कुंभार स्वतः फोडायचे.
भट्टीमागच्या ढिगाऱ्यातला हा तुकडा.

मामांनी चष्मा काढला.
"म्हणजे हा नापास?"
बाहेर बॉयलर फुसफुसत होता,
बेचाळीस अंश, पंखाही गरम वारा वाटणारा.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आठवी लच्छी पास झाली, जरा निळसर.
माल गेला, पैसे आले,
तुकडाही कुरिअरनं परत गेला, त्याच कापसात.

शेडच्या वहीत प्रत्येक पानावर
दोरा टाचतात मामा, शेजारी रंगाचं माप.
एकशे बाराव्या पानावर दोरा नाही.
टाचणीची दोन भोकं आहेत फक्त,
आणि पेन्सिलीनं, वेलांटी चुकवून:
हवा कमि.