वाढ

फ्रीजमध्ये, दह्याच्या गाडग्यामागं, निळं पेन.
लिहायचं नव्हे.
रात्री दहाला सानिका ते काढते,
मुठीत धरून जरा ऊब देते,
आकडा फिरवते, टिक, टिक, टिक,
आणि माझ्या पोटाची वळी चिमटीत धरते.
"आई, श्वास सोड."

सतरा वर्षांपूर्वी तिच्याच वेळी
सीपीआरच्या खाटेवर दोन चादरी भिजल्या.
तिसरी आणायला गेलेली आया
परत येईस्तोवर मी पांढरी पडले होते.
चार बाटल्या रक्त चढलं. वाचले.
यांनी बर्फी वाटली.

मग दूध आलंच नाही.
आमचं घर गंगावेशीतलं, दुधाचं.
सांजेला कट्ट्यावर म्हशी उभ्या राहतात,
धार पेल्यात, पेला फेसासकट ओठाला.
त्या घरात सून कोरडी.
हळीव झाले, शतावरी झाली,
आक्कांनी मीठ-मोहऱ्या उतरल्या.
पोर कजरी म्हशीवर वाढली, निम्मं पाणी घालून.

पुढं सगळंच आटत गेलं.
पाळी. भुवयांच्या कडा.
मे महिन्यात स्वेटर.
जिना चढले की मध्येच बसायचं.
आळशी हा शब्द आक्का कधी म्हणाल्या नाहीत,
भांडी जोरात ठेवायच्या.

राजारामपुरीत डॉक्टर माणगाव्यांनी
फिल्म उजेडाला लावली.
"मेंदूखाली हाडाची खोबण असते, तिला खोगीर म्हणतात.
तुमचं खोगीर जागेवर आहे. स्वार नाही.
वाटाण्याएवढाच असतो तो."
मी विचारलं, रक्तातनं वाहून गेला?
"नाही. रक्तावाचून वाळला."

आधी गोळ्या, दोन तऱ्हेच्या.
थंडी गेली, भोवळ गेली, थकवा तिथंच.
मग एक दिवस उपाशी निजवून,
साखर मुद्दाम खाली उतरवून,
दर अर्ध्या तासाला रक्त घेत राहिले.
वाळल्या गोळ्याला हाका मारून बघत होते.
कुणी ओ दिली नाही.

"वाढीचं हार्मोन नाही तुमच्यात."
मला हसूच आलं.
एकेचाळिसाव्या वर्षी कसली वाढ?
जन्मभर तेवढंच तर ऐकलं,
वाढ गं, भात वाढ, पांढरा रस्सा वाढ,
पावणं बसल्यात, वाढ.

"उंचीसाठी नव्हे," डॉक्टर म्हणाले.
"अंगात मांस धरायला. हाडं राखायला.
सकाळी उठावंसं वाटायला."
उठावंसं वाटायलाही काही लागतं,
हे मला ठाऊक नव्हतं.
मी तो माझा स्वभाव धरला होता.

किंमत ऐकून यांनी बोटं मोजली:
कजरीच्या नातीचं सकाळचं सगळं दूध.
मामंजी गप्प.
त्यांनी हयातभर गोठ्यात सुई येऊ दिली नाही,
पान्हा चोरणाऱ्या म्हशीची कास
तासभर कोमट पाण्यानं शेकत बसायचे.
दुसऱ्या दिवशी म्हणाले,
"माणसाचं येगळं. आणा."

दुसऱ्या महिन्यात बोटं सुजली.
साबण लावून ओढताना एक बांगडी वाढली.
फुटली म्हणायचं नसतं.
डोस एका टिकेनं खाली आला.

चौथ्या महिन्यात काही नाही.
पाचव्यात कमरेची नाडी थोडी आत. बाकी तेच.
सहाव्यात, एका बुधवारी, कट्ट्यावर
एक गिऱ्हाईक म्हणालं,
"अर्धा लिटर म्हणता, निम्मा फेसच की वैनी."

तळपायापासनं काहीतरी वर आलं.
राग.
सतरा वर्षांत आला नव्हता,
त्यालाही ताकद लागते.
काय बोलले आठवत नाही.
म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघत होती.
गिऱ्हाईक पैसे ठेवून, पेला स्वतः विसळून गेलं.
ओट्यावरनं आक्का:
"आली बया जाग्यावर."

चार दिवसांनी पुन्हा दमले.
भर दुपारी आडवी झाले, झोप लागेना.
स्वयंपाकघरात आक्का भांडी लावत होत्या.
एकेक,
हळू.