बटण सोडल्यावर

दस्तगीरमामा बावीस वर्षं सैन्यात, सिग्नलला.
आता प्रयाग चिखलीत पंक्चर काढतात.
मे संपता संपता तालमीच्या कट्ट्यावर
आम्हा नऊ जणांना नऊ वॉकीटॉकी वाटले,
पंगतीत तांबडा रस्सा वाढावा तसे,
वाटी बघून.

"आधी एरियल. मग बॅटरी. हौस सगळ्यात शेवटी.
एरियल न लावता बटण दाबलंस
तर आतल्या आत जळतंय ते.
बोलायला वाट न्हाई घावली की
माणसाचं बी तसंच."

मी चार नंबर. गिरणीवाली.
पीठ झटकलं, एरियल बुडाशी धरून फिरवलं,
पीळ बसेपर्यंत, जास्त नाही.
बॅटरी चार्जरला; दिवा हिरवा झाला की काढायची,
उशाखाली घेऊन झोपायचं नाही.
चॅनल सहा.
खुंटी मागं फिरवली तर नुसती खरखर,
चाळणीत कोंडा हलवल्यासारखी.
जरा पुढं, शांत.
"तिथंच थांब," मामा म्हणाले,
"आणखी फिरवलीस तर खरखर जाईल,
आणि लांबचा माणूस बी जाईल तिच्यासंगं."

तोंडापासून चार बोटं.
दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं.
पहिला शब्द वाटेत मरतो,
म्हणून पहिला शब्द कामाचा ठेवायचा नाही.
एरियलचं टोक डोळ्यापाशी न्यायचं नाही.
बोटीत पेट्रोल ओतताना बटणाला हात नाही.
चॅनल अडला, तर कुणाची वाट न बघता आठवर जायचं.
"आणि ध्येनात ठेवा,
दाबलं की तुम्ही बहिरे.
बोलणारा बहिराच असतोय."
आम्ही हसलो. तातोबा सगळ्यात मोठ्यानं.

ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर सत्तेचाळीस फूट.
वीज गेली, टॉवर गेला,
ग्रामपंचायतीची पाटी तेवढी पाण्याबाहेर.
मी माळ्यांच्या गच्चीवर, कोंडाबाईच्या सुनेजवळ.
नववा भरलेला. कळा सुरू.
बटणावर अंगठा ठेवला
आणि ऐकलं,
चॅनलवर एक म्हैस श्वास घेत होती.

मग माणूस.
"रुसू नगंस, मोरे. दावं सोडलंय.
उंचवट्याकडं जा, बोटीत तू मावत न्हाईस.
आन् एक सांगतो, कुणाला बोलू नगंस,
मला पवाय येत न्हाई."

सात नंबर. तातोबा.
लाइफ जॅकेटचा पट्टा बटणावर आवळला होता
आणि त्याला पत्ता नव्हता.
सोनतळीच्या शाळेत, तळाच्या सेटपाशी,
त्याची बायको सखूबाई माणसांची यादी लिहीत होती.
नंतर कळलं, तिचं पेन थांबलं होतं.

अकरा मिनिटं सगळा चॅनल त्याचा.
दोरी, पाणी, म्हशीशी बोलणं,
मधेच कसलंसं भजन, चुकीच्या चालीत.
आठवर जायचं मी विसरले.
भीतीनं नाही.
ऐकत होते.

कोंडाबाईनं मनगट पिळलं तेव्हा भानावर आले.
चकती फिरवली. आठ.
दाबलं. एक श्वास. "ऐका, चार ते तळ."
सोडलं.

"चार. कधीपास्नं बसलोय हितं. बोल. ओव्हर."

बोट आली.
मुलगी झाली तिसरीच्या वर्गात,
पाढ्यांच्या तक्त्याखाली.

तातोबाला कुणी काही बोललं नाही.
मामांनी सेट उघडून वाळवला,
बावड्याच्या चप्पलवाल्याकडून
नऊच्या नऊ बटणांना कातड्याची टोपी शिवून आणली,
आणि सात नंबर परत त्याच्याच हातात दिला.
मोरी सापडली, चार दिवसांनी, वडणग्याच्या अंगाला,
दुसऱ्याच्या गोठ्यात निवांत रवंथ करत.

दिवाळीपासून तातोबा पहाटे पंचगंगेच्या घाटावर जातो,
पाठीला रिकामा डबा बांधून.
सखूबाई पायरीवर टॉवेल घेऊन बसते.
"देवाला गेलो होतो," दोघं सांगतात.

आम्हीही
तसंच समजतो. ओव्हर.