वीस जोड चॅप्स

ॲरिझोनातनं पत्र आलं: चॅप्स, वीस जोड.
ईश्वरामामानं माझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं
आणि सुभाषनगरच्या दहा-बाय-बाराच्या खोलीत
वीस जोड कापशी कापायला बसला.
"चप्पल म्हणायला जीभ वळत नसंल बिचाऱ्यांची," म्हणाला,
"आपण समजून घ्यायचं."

अकरा जोड झाल्यावर फोटो आला.
घोडेस्वार. मांडीपासून घोट्यापर्यंत कातडंच कातडं.
मामा बघत राहिला, चष्मा कपाळावर.
"ही तर इजारीवरची इजार हाय गं."
मग रापी खाली ठेवून असा हसला
की शेजारच्या डुबलांची पोरगी दारात येऊन बघून गेली.

त्या रात्री मी शब्द उसवत बसले.
चॅप्स मूळचं स्पॅनिश, चापारेरास.
चापारो म्हणजे खुरटं झुडूप, दाट, ओरबाडणारं;
त्यातनं घोडा घालायचा तर मांड्या सोलून निघतात,
म्हणून हे कातडं.
सकाळी सांगितलं, तर मामा म्हणाला,
"म्हंजे बाभळच की."
आणि हौदाकडं बोट केलं,
जिथं बाभळीच्या सालीच्या पाण्यात
चामडं तांबडं होत पडलं होतं.
"काटाबी तिचाच. चिलखतबी तिचंच."

मग रोज चहाबरोबर त्याला एक शब्द लागायचा.
"आज कुठला?"
लॅरिएट. ला रेआता, म्हणजे 'ती दोरी'.
ऐकणाऱ्यानं 'ती'सकट उचलली,
आणि आता वर आपली आणखी एक 'ती' लावतो:
ती ती-दोरी.
"कासरा म्हणायचं की सरळ," मामा म्हणाला.

वाका म्हणजे गाय, वाकेरो म्हणजे गुराखी.
परक्या तोंडात व चा ब झाला, शेपूट लांबलं: बकरू.
"गुराख्याचं बकरू केलं!" मामाला ठसका लागला,
चहा कापशीच्या पट्ट्यावर सांडला,
तो डाग अजून आहे.

मस्टँगला मात्र हसला नाही.
मेस्तेन्यो: मालक नसलेलं, कळपातनं सुटलेलं जनावर.
स्टुडिओ बंद पडला तेव्हा हौशा नावाचा पांढरा घोडा
असाच सुटला होता.
त्याचं खोगीर मामाच्या हातचं.
महिनाभर रंकाळ्याच्या कडेनं चरला,
मग कोंडवाड्यात.
"मोकाट लिहिलं होतं वहीत," मामा म्हणाला,
"नाव ठाऊक असलेली माणसं होती की गावात."

"ह्या गोऱ्यांना दोर टाकाय शिकवलं कुणी?"
मेक्सिकोच्या गुराख्यांनी.
"त्यांची नावं?"
शोधली. शब्द सापडत गेले,
माणूस एकही नाही.
मामा बराच वेळ धाग्याला मेण लावत राहिला.
"लगाम, रिकीब, खोगीर. हे तरी कुठं आमचं?
कुणाच्या तरी घोड्यावरनं आलं
आणि आमच्या तोंडात उतरलं.
घोडं गेलं म्होरं."

शेवटचा शब्द मी उगाच सांगितला.
डॅली: दाले व्हुएल्ता, 'दे त्याला एक वळसा'.
दोर खोगिराच्या शिंगाला गुंडाळताना
अंगठा मधे आला तर तुटतो. कैकांचे तुटले.
मामानं आपला डावा अंगठा दिव्याखाली धरला,
आरीनं अर्धं नख नेलेला,
आणि काही न बोलता परत टाका घातला.

वीस जोड चॅप्स गेले श्रावणात.
खोक्यात वर त्या अकरा जोड कापशी, फुकट.
"नाव लिहून पाठव," म्हणाला, "ठळक.
नुसती वस्तू गेली की मागनं कुणीबी नाव पाडतंय."
मी इंग्रजीत लिहिलं.
"आपल्याबी अक्षरात."
तेही लिहिलं: कापशी. ईश्वरा डोईफोडे, कोल्हापूर.

कुरिअरचा पोरगा आला, खोकं उलटंपालटं केलं,
आणि बारकोडाची चिठ्ठी
बरोबर त्याच्यावरच चिकटवली.