केसभर

इन्व्हरकार्गिलच्या वाऱ्याला दार लागत नाही,
शेडच्या पत्र्यातून तो आत येतो
आणि नोलीनचा चहा निववून जातो.

टेबलावर ब्रेकची डिस्क :
चार भोकं, शंभराच्या वर्तुळावर.
हब आणि चाकं मात्र क्लाइडच्या गाडीची,
एकशे चौदा पूर्णांक तीन.
"एवढ्याशा फरकासाठी भावाची चाकं भंगारात घालू?"
ती डिस्कवर निळी शाई फासते.

पंचेचाळीस अंश फिरवून
जुन्या भोकांच्या अधेमध्ये नव्या खुणा.
पंचवर हातोडीचा एकच ठोका.
दोन मारले, की खूण दोन मनांची होते.

ड्रिल हळू. ओतीव लोखंड
शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखं झरतं,
नखांत शिरतं, चहात पडतं.

पहिला बोल्ट बसला. दुसरा. तिसरा.
चौथा अडला, केसभर.
मी म्हणालो, जरा कानस मारून—
तिने असं पाहिलं
की कानस मीच परत खणात ठेवली.
"ब्रेक आहे हा. खिडकीची खिट्टी नव्हे."
डिस्क दारामागे गेली.
दुसरी आली. पुन्हा शाई, पुन्हा पंच.

अंधारताना चारही बोल्ट
नुसत्या बोटांनी फिरले.
बराच वेळ तिने पाना उचललाच नाही.

जुन्या भोकांचं काय, मी विचारलं.
"काय व्हायचंय? राहू देत रिकामी."
मग चाक चढलं
आणि ती दिसेनाशी झाली.

चाकाच्या कडेला एक लांब खरवड आहे,
ब्लफच्या धक्क्यावरची, क्लाइडच्या हातची.
सगळं चाक तिने घासून लखलखीत केलं.
तेवढी सोडून.