परतीची तार

डोलकाठी आडवी होती तोवर दिवा लागत होता.
पितळेकाकांच्या अंगणात, तीन स्टुलांवर टेकवलेली ती काठी,
काका इकडे बटण दाबत
आणि तिकडे, तुळशीपल्याड, बारा व्होल्टचा पांढरा ठिपका.
गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायची.

तिघऱ्याच्या काठावर चौघांनी मिळून उभी केली,
आणि दिवा गेला.

म्हणून मला फोन.
दौलतगंजातल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून
मीटर, टेस्ट लँप, सोल्डरची डबी घेऊन
मी रामसियाच्या मोटरसायकलवर मागे बसले.
मे महिना. लू अशी की पदराआडही डोळे भाजावेत.
मी घरं जोडते, लग्नाचे मांडव, कूलरच्या मोटरी.
होडी कधी नाही.
पण तारेला कुठं ठाऊक, ती कशाच्या पोटात आहे?

काकांनी एजी ऑफिसात पस्तीस वर्षं
दुसऱ्यांचे हिशेब तपासले
आणि निवृत्तीच्या पैशातून ही शिडाची होडी बांधली.
नाव ठेवलं ‘शिल्लक’.
ग्वाल्हेरात होडी, म्हणून काकू महिनाभर हसल्या,
मग त्यांनीच शिडाला टीप मारून दिली.

बॅटरी ठीक. फ्यूज ठीक.
काठीच्या बुडाशी साडेबारा व्होल्ट, लँप लावला तरी साडेबारा.
म्हणजे दुखणं वर.
‘ताईजी, उतार लें?’ रामसिया म्हणाला.
उतरवली. आडवी होताच दिवा लागला,
जसं काही झालंच नव्हतं.
डॉक्टरांच्या दारात ताप उतरणारी माणसं असतात, तसा.

मग मी बुडाशी बसून
आतली तार हलकेच ओढली.
दिवा गेला.
सोडली. आला.
ओढली. गेला.
काका उकिडवे बसून बघत होते,
ओठ हलत होते, मोजत असावेत.

दिवा काढून वरच्या दोन टोकांना मीटर लावला :
तार ओढलेलीच, तरी साडेबारा.
‘बघा, येतोय की करंट!’
मी म्हटलं, काका, मीटर काही मागत नाही.
पैसे आहेत का असं नुसतं विचारलं तर
कफल्लकसुद्धा हो म्हणतो.
उसने मागून बघा.
टेस्ट लँप लावला.
विझत्या बिडीएवढा लाल, आणि मीटरवर दोन.

जाणारी तार चोख होती.
परतीची, काळी, टोकापासून वीतभर आत :
टेपचं फडकं सोलून काढलं
तर हिरवं पीठ, आणि पिठात
एकोणीसातला एकच धागा जिवंत.
आडवं असताना बाकीचे अठरा
एकमेकांना टेकून वेळ निभावत होते.
उभं राहिलं की सगळ्या तारेचं वजन
त्या एका पिळावर.

‘वायर हातभर कमी पडली होती,’ काका म्हणाले,
‘म्हटलं, जोडून घेऊ. नवी आणली असती तर
जुनी वाया गेली असती.’
जरा थांबून म्हणाले,
‘लालवर दोनदा टेप मारला होता मी. काळीवर एकदाच.’

नवी तार ओवली, अखंड, दोन्ही.
वरच्या खिळ्याला सुतळीने आवळून टांगली.
वजन दोरीने घ्यावं,
जोडाने घेऊ नये.
हे मी कुणाकडून शिकले ते सांगत बसले नाही.
दुकानाच्या पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे.

काठी उभी राहिली तेव्हा सात वाजले होते.
पाणी मागे हटलेलं, भेगाळल्या गाळावर पाणकावळे,
आणि त्या सगळ्यांच्या वर दिवा.
रामसियाने काठी गदागदा हलवली. लागलेलाच.
काठीला लाथ मारायला निघाला, काकांनी हात धरला.

मग त्यांनी माझं बिल मागितलं,
चष्मा कपाळावरून खाली घेतला
आणि त्याच दिव्याखाली, धड दिसत नसताना,
दोनदा तपासलं.
बेरजेत मी अकरा रुपये कमी लावले होते.
त्यांनी ते लाल पेनाने वाढवले,
शेजारी सही केली,
आणि माझीही घेतली.