मेल्विन, तू विचारलंस म्हणून

फोनवर तू हसलास:
तुमच्या खानदेशात पाणी तरी आहे का रे, बुडी मारायला?
सहा हंगाम तुझ्या देवबागेत
परक्यांच्या पाठीवर टाक्या बांधल्या मी,
शिकवलं त्यांना: अंगठा वर म्हणजे वर जाऊ,
बोटांचं कडं म्हणजे सगळं ठीक.
पिवळे मासे दाखवले, त्यांचे व्हिडिओ काढून दिले.
आता तू ये.

अमळनेरला उतर.
एप्रिल असेल तर फलाटावरच चपलेचा तळवा मऊ पडेल.
एसटीतून तापीच्या अलीकडे उतर, नवं हिंगोणी म्हण,
नुसतं हिंगोणी म्हणालास तर कंडक्टर म्हणेल, ते पाण्यात आहे.

समुद्र दाखवू शकत नाही.
वारा आहे, पण तो भाजणीतून आल्यासारखा,
नारळ आहेत, पण श्रावणात कानबाईबरोबर नदीत गेलेले.
दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं ते वर काढायचो,
अर्धे विकायचो, अर्धे तिथंच काठावर फोडायचो,
देवीला सगळं माहीत असायचं.

सकाळी ट्रकच्या ट्यूबवर बस,
पाय पाण्यात सोड, हातात ताटली घे, तीच वल्ही.
जाळ्यात मरळ असेल नाहीतर कुणाची तरी चप्पल.
दुपारी काहीच करू नकोस.
दुपारी इथे कावळासुद्धा काही करत नाही.
संध्याकाळी माझी बहीण बेबाबाई
फौजदारी डाळ वाढेल, नावाला घाबरू नकोस,
आणि कळण्याची भाकरी,
आणि विचारेल, तुमच्याकडे माणसं पैसे देऊन बुडतात म्हणे?

पूर्वी उन्हाळ्यात नदीच्या वाळूत आमच्या डांगरवाड्या असायच्या.
रात्री डांगर तडकल्याचा आवाज यायचा, टच्च,
आणि बाप झोपेतच म्हणायचा, तिसऱ्या ओळीतलं.
मग बॅरेज झालं.
वाळू खाली गेली, आम्ही वर आलो.
याचं दुःख करत बसायला तुला बोलावत नाही,
बॅरेजच्या पाण्यावर केळी चांगली पोसतात,
हेही खरं.

उखर्डूकाकाला भेट मात्र.
अडुसष्ट वर्षं, ना टाकी, ना काच,
कमरेला सुंभाची दोरी, दुसरं टोक पुतण्याच्या हातात.
कुणी बुडालं की तालुक्यावरून फोन येतो
आणि काका जेवत असेल तर ताट झाकून उठतो.
पैसे घेत नाही. नंतर चहासुद्धा
बाकीचे सगळे गेल्यावर पितो.
मी माझी महागडी काच घालून त्याच्यासोबत उतरलो पहिल्यांदा,
दोन हातांवर नुसता गढूळ अंधार,
माझा स्वतःचा अंगठा मला दिसेना,
वर की खाली, कुणाला दाखवणार?
काठावर आल्यावर काका म्हणाला,
डोया मिटी ले, पोऱ्या.
तापी दखाडत नही, सांगस.

तेव्हा तुलाही डोळे मिटायला लावीन.
जुन्या गावचा डांबरी रस्ता अजून तसाच उतरतो पाण्यात,
पाण्याला जायला निघालेल्या बाईसारखा, न थांबता.
त्याच्या कडेकडेनं चल, तळव्याला खडी लागेल,
मग गाळ, मग पुन्हा खडी.
छातीत हवा संपत आली की डावीकडे हात घाल,
एक दगड आहे, गोल माथ्याचा.
त्यावर शेवाळ आहे. नखानं काढ.
खोदलेली अक्षरं आहेत, बोटानं वाच:
हिं, गो, णी.
खाली एक आकडा आहे.
पहिल्यांदा मला वाटलं, खड्डा पडलाय,
बोट गोल फिरून परत तिथंच आलं.

शून्य.

मग दोरी ओढ, दोनदा. काका वर घेईल.

आणि हो, येताना सुके बोंबील आण, किलोभर.
आई रोज विचारते, ते कधी येणार?
तुझ्याबद्दल नाही रे,
बोंबलांबद्दल.