पापण्यांचं खातं

लोक विचारतात, सिनेमात तू काय करतोस?
मी सांगतो, लांडगा डोळे मिटतो ना, ते मी.
उघडतो, तेही मीच.
बाकीचा लांडगा नुआलाचा.
शेपूट मात्र डब्लिनहून पोस्टानं येते
आणि दर खेपेला रंग जरा वेगळाच.

दलदलीच्या कडेला, बंद पडलेल्या लोण्याच्या कारखान्यात
आमचा स्टुडिओ. भिंतींना अजून आंबूस वास.
एका सेकंदाला चोवीस चित्रं.
लांडग्यानं एक पाऊल टाकेपर्यंत आमचं जेवण होतं,
दार ठोठावेपर्यंत शुक्रवार उजाडतो.

गोष्ट साधी आहे.
हॅलोविनची रात्र. म्हातारा लांडगा म्हणतो,
आज शेवटचं, पण गावाला घाबरवायचंच.
सोबत चेटकीण, तिच्या बिस्किटांच्या घराला मुंग्या लागल्यात;
एक राक्षस, काळोखात दुसऱ्याचा हात धरणारा;
आणि बेडूक.
सात राजकन्यांनी मुका घेऊन पाहिला त्याचा,
सातही वेळा काही झालं नाही.
आता कुणी वाकलं की तो हात जोडतो: बाई, पुरे.

पहिलं दार उघडतं.
“अगंबाई! काय झकास सोंग!”
लांडगा गुरगुरतो. पंजावर टॉफी पडते.
आणखी गुरगुरतो. आणखी एक टॉफी, वर मूठभर अक्रोड.
पाचव्या दारात मनुकांचा ब्रॅक मिळतो,
त्यात लपवलेली अंगठी
त्याच्या शेवटच्या दाताला लागते.
(अंगठी सापडली त्याचं वर्षात लग्न, असं आमच्याकडे म्हणतात.
चेटकीण लाजते. त्या लाजण्याला सहा दिवस लागले.)
आठ दारं होईतो पिशवी गच्च भरलेली
आणि अब्रूचा खडखडाट.

नवव्या दारात त्यानं जबडा वासायचा,
डोळ्यांत निखारे.
एकशेवीस चित्रं.
चौसष्टाव्याला मी पापण्या मिटल्या
आणि भावाचा फोन आला, मेंढी कुंपणात अडकली होती.
बोलत बोलत मी कळ दाबत राहिलो.
बारा वेळा.
उघडायचं राहूनच गेलं.

पडद्यावर दिसलं ते असं:
जबडा आ वासलेला, नखं उगारलेली,
आणि लांडग्याला लागलेली डुलकी.

नुआला बोलली नाही. बाहेर जाऊन
तिनं बराच वेळ गाडीची काच पुसली.
पैसेवाला कॉनॉल म्हणाला, पुन्हा करा.
पुन्हा म्हणजे नऊ दिवस.
आमच्याकडे चार होते, आणि अर्धी चिकटपट्टी.

एकतीस तारखेला चर्चच्या हॉलमध्ये खेळ लागला.
दारात मॅलकीनं सलगम कोरून दिवा ठेवलेला.
भोपळा त्याला चालत नाही.
“एवढं मोठं भूत हवंय कुणाला?
आमची भीती सलगमात मावते.”
आत चाळीस पोरं: सांगाडे, तीन मधमाश्या,
आणि एक वॉशिंग मशीन.

बेडूक आला. कुणी हसेना.
राक्षस आला. एक सांगाडा नाक शिंकरत होता.
नववं दार उघडलं, मी खुर्चीत खाली सरकलो.

अर्धा सेकंद.

आधी एक मधमाशी फिसकली.
मग वॉशिंग मशीन इतकं हसलं
की त्याचं पुढचं झाकणच उघडलं.
मग सगळा हॉल, आणि त्या गलक्यानं
मागच्या बाकावरचा मॅलकी दचकून जागा झाला:
“काय? काय झालं?”
ते तर आणखीच झालं.

बाहेर ती मधमाशी माझ्याजवळ आली.
“त्याला खरंच झोप आलेली?”
मी म्हटलं, हो.
अकरा महिने उभा होता बिचारा.

सकाळी स्टुडिओत कुणी नव्हतं.
लांडग्याला बुटांच्या खोक्यात ठेवला, शेपटीची घडी केली,
बोटाच्या टोकानं दोन्ही पापण्या खाली ओढल्या.
सवयीनं चोवीस आकडे मोजले.
मग आणखी चोवीस.
मग भावाला फोन लावला,
मेंढीचं काय झालं विचारायला.